चहामुक्त वसाहत, खडकी

१ फेब्रुवारी

चहाने झोप उडवलेल्या तमाम खडकीकरांनो,

(वहीला श्रोते नसतात हे मला माहीत आहे. सवय.)

तुमची आणि माझी तक्रार एकच. रात्री डोळा लागत नाही, सकाळी छातीत जळजळ, आणि बीपी मोजताना डॉक्टरची भुवई वर जाते. काल माझ्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, दुपारी चारनंतर चहा नको, जेवण झाल्यावर थोडं चालत जा, झोपताना मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा. यातले शेवटचे दोन मुद्दे खरं कारण झाकायला घुसडलेले आहेत. खरा गुन्हेगार चहा. आजपासून तो कायमचा बंद, घरातल्या सगळ्यांचा. चहापत्तीचा डबा शेजारच्या सुंदराबाईंना देऊन टाकला.

सौ. चंद्रभागा म्हणाली, अहो, बीपी तुमचं आहे. हे वाक्य लक्षात ठेवतो आहे.

२ फेब्रुवारी

डोकं ठणकतंय. खालच्या मजल्यावर रंगकाम चालू आहे, त्याचाच वास. डोकेदुखीच्या गोळ्या घेतल्या. लगेच तरतरी. चहा सोडल्याचा फायदा इतक्या लवकर दिसेल असं वाटलं नव्हतं.

५ फेब्रुवारी

रंगकाम संपलं, डोकं चालूच. रंगाची प्रत संशयास्पद.

कन्या दीक्षा खराडीला सॉफ्टवेअर कंपनीत आहे. तिने गोळ्यांचं पाकीट वाचून दाखवलं. यात कॅफिन आहे बाबा, म्हणाली, तुम्ही चहाच गिळताय. म्हणजे औषधवालेही सामील. गोळ्या बंद केल्या. कॉफी सुरू केली. कॉफीबद्दल डॉक्टरीणबाई एक शब्द बोललेल्या नाहीत. बरणी कपाटात, कुलुपाआड. या घरात कुणाचा भरवसा नाही.

७ फेब्रुवारी

चंद्रभागा रोज चार वाजता सुंदराबाईंकडे विणकामाला जाते. स्वेटर अजून कुणी पाहिलेला नाही. आज अचानक धाड घातली. दोघी बसलेल्या, मध्ये दोन कप. सुया नाहीत, लोकर नाही. पदार्थाची खात्री करायला एक घोट घेतला. चहाच होता. एका घोटावर निकाल देणं न्यायाचं नाही म्हणून कप संपवला.

सुंदराबाईंनी विचारलं, पुराव्याबरोबर बिस्किट देऊ का. बिस्किट घेतलं.

९ फेब्रुवारी

संशयाची सुई आता दीक्षाकडे. ऑफिसातून उशिरा येते. जेवणात लक्ष नाही. मोबाइल बघून एकटीच हसते, मी आलो की तो पालथा घालते. खिडकीशी उभी राहते. झोप कमी झाली आहे, आणि कपड्यांना वेलदोड्याचा वास येतो. मी वाचलेल्या सगळ्या पुस्तकांतून एकच निदान निघतं. मुलीला चहाचं व्यसन लागलंय.

१० फेब्रुवारी

स्वतः खराडीला गेलो. पीएमपीच्या बसमध्ये उभ्याने. कंपनीसमोरच्या टपरीवर दीक्षा, आणि तिच्याबरोबर एक उंच, चष्मेवाला तरुण. दोन ग्लास. पैसे त्याने दिले. म्हणजे सवय लावणारा हाच. मध्येच त्याने तिचा हात हातात घेतला. अतिचहाने हात थरथरत असणार, ग्लास सांडू नये म्हणून धरला. व्यसन इतकं पुढे गेलंय.

मला कुणी ओळखू नये म्हणून मीही एक कटिंग घेतला. मग आणखी एक, कारण ते दोघं उठेचनात.

१५ फेब्रुवारी

वसाहतीच्या हॉलमध्ये माझं व्याख्यान, ‘चहा : गुलामीचा घोट’. काय बोललो म्हणून सांगू. ब्रिटिशांपासून सुरुवात केली आणि आपल्या आतड्यांपर्यंत आलो. शेवटी विचारलं, कोण कोण चहा सोडणार. सगळे हात वर. सुंदराबाईंचे दोन्ही.

पहिल्या रांगेत तो खराडीचा चष्मेवाला. टाळ्या सर्वांत जास्त त्याच्या. नंतर येऊन ‘जय भीम, काका’ म्हणाला, नाव सौरभ सांगितलं. त्याच्या वडिलांचं मंडईजवळ चहापत्तीचं दुकान आहे. हे ऐकल्यावर मला सगळी साखळी दिसली. वडील माल पुरवतात, मुलगा गिऱ्हाइकं तयार करतो.

१८ फेब्रुवारी

दीक्षा म्हणाली, सौरभचे आईवडील रविवारी घरी येऊ का विचारतायत. व्याख्यानाने बाजारात घबराट पसरलेली दिसते. व्यापारी तडजोडीला येतायत. येऊ देत म्हटलं, पण चहा मिळणार नाही. दीक्षाने आईकडे बघितलं. चंद्रभागा सौरभ आणि दीक्षाबद्दल काही सांगायला लागली. तिला थांबवलं. मी सगळं डोळ्यांनी पाहिलंय.

२२ फेब्रुवारी, रात्र

लिहायला जड जातंय.

शिष्टमंडळ आलं. वडील रतनराव, आई कुसुमताई, सौरभ. इस्त्रीचे कपडे. पेढे आणले, आणि दुकानातली चहापत्तीची पुडी. लाच. पुडीला हात न लावता मी पाणी दिलं आणि बोलायला उभा राहिलो. रतनराव मान डोलवत होते. दीक्षा नवी साडी नेसून स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. साडी का, हे मला तेव्हाही सुचलं नाही. ब्रिटिश संपवून आतड्यांकडे वळलो, तेव्हा कुसुमताई उठल्या.

“भाऊ, नाही म्हणायचं तर सरळ म्हणायचं होतं,” त्या म्हणाल्या. “मुलगी मागायला आलेल्या माणसांना बिनचहाचं बसवून ठेवलंत. समजलो आम्ही.”

मुलगी मागायला. मी चंद्रभागेकडे पाहिलं. तिने कपाळावर हात मारला नाही, इतकंच.

दीक्षा रडली नाही, भांडली नाही. पुढे आली, पुडी उचलली आणि कुसुमताईंच्या पिशवीत परत ठेवली. मग आत जाऊन दार लावून घेतलं. पाहुणे जिना उतरायला लागले.

चाळीस वर्षं मी सभा जिंकल्या. त्या बंद दारापुढे एक वाक्य सुचेना. दोन पायांत दोन वेगळ्या चपला घालून खाली पळालो. गेटपाशी गाठलं आणि आयुष्यातलं सर्वांत लहान भाषण केलं.

“चहा घेऊन जा.”

परत वर आले. घरात चहापत्ती कुठे. कुसुमताईंनी पिशवीतली तीच पुडी ओट्यावर ठेवली, चंद्रभागेने फोडली. आधणाचा आवाज आला तसं आतलं दार उघडलं. ट्रे दीक्षाने आणला. पहिला कप मला दिला आणि मी पिईपर्यंत समोरून हलली नाही. चार कधीच वाजून गेले होते.

२३ फेब्रुवारी, सकाळ

रात्री लहान मुलासारखा झोपलो. कारण शोधतो आहे. जेवणं झाल्यावर पाहुण्यांना स्टेशनपर्यंत चालत सोडलं, पण त्याचा काय संबंध. मोबाइल दीक्षाने काढून घेतला होता, गावाकडे सगळ्यांना कळवायला. त्याचाही नाही. रतनरावांच्या चहापत्तीतच काहीतरी असलं पाहिजे. आज दुकानात जाऊन चौकशी करणार. आता घरचंच आहे.

डॉक्टरीणबाईंच्या हेतूबद्दल मात्र शंका कायम.

येत्या रविवारी साखरपुडा, त्याच हॉलमध्ये. तेव्हा तमाम खडकीकरांनो, वर केलेले हात आता खाली घ्या, आणि संध्याकाळी सहा वाजता चहाला या.