मोहाखालचं लुगडं

आई, तुझ्यावर मी एकदा चुलीपुढे ओरडलो होतो. आठवत असेल तर विसर. वनखात्याच्या जव्हारच्या ऑफिसात मी नवाच लागलो होतो आणि वणवे थांबवणं हे माझं काम होतं. आपल्याच पाड्यावरच्या बाया मोहाच्या झाडाखालचा पाला पेटवायच्या, म्हणजे खाली पडलेली फुलं वेचताना लगेच दिसतात. मग ती आग डोंगर चढायची. मी तीन सभा घेतल्या. पृथ्वी तापतेय, पाऊस बिघडेल, असं फळ्यावर चित्रं काढून सांगितलं. बाया पदराआड हसत होत्या. तू सगळ्यांच्या पुढे बसून जांभया देत होतीस आणि मला तुझीच लाज वाटत होती. घरी आल्यावर मी वाट्टेल ते बोललो. तू नागलीची भाकर थापत राहिलीस. म्हणालीस, "पोरा, तुजी पिरथवी कुनी पाह्यलीय? खायाचं काय ते बोल."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तू मोहाखाली जुनं लुगडं अंथरलंस. सकाळी त्यावर पडलेली स्वच्छ फुलं उकडून शेजारणींच्या हातावर ठेवलीस. "खाऊन पाहा. राख कचकचते का दाताखाली?" एवढंच. आठ दिवसांत पाड्यावरच्या प्रत्येक मोहाखाली लुगडं. त्या वर्षी आपला डोंगर जळला नाही.

मग साहेब पाहणीला आले आणि डोंगर पाहून खूश झाले. मी सांगितलं, तीन सभा घेतल्या त्याचा परिणाम. मागे तू टोपली घेऊन उभी. साहेब तुला विचारतात, "काय मावशी, यांनीच समजावलं ना?" तू माझ्याकडे एकदाच पाहतेस. "हां साहेब. आमाला काय कळतंय? त्यानंच शिकवलं." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, असं लिहिलं तर बरं दिसेल. खरं म्हणजे सुटलो असं वाटलं. जेवताना तू नेहमीसारखी भाकर वाढलीस. दोन वर्षांनी तू गेलीस, तोवर ना तू विषय काढलास, ना मी.

परवा मोखाड्याला खात्यात नव्यानं लागलेल्या पोरापोरींचं प्रशिक्षण होतं. मी मोठ्या ऐटीत सांगितलं, लोकांना पृथ्वीचं सांगू नका, त्यांच्या ताटातलं सांगा. एका मुलीनं विचारलं, "सर, हे तुम्हाला सुचलं कसं?" म्हणालो, "अनुभवातून." टाळ्या पडल्या, आणि मला त्या आवडल्या.

हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकणार? घडी करून ठेवून देईन. तुला वाचता येत नव्हतं, आई. येत असतं, तर हे लिहायची माझी हिंमत झाली नसती.