आठ, दोन, आठ

६ फेब्रुवारी, मंगळवार

दादा आला. आईला जाऊन तीन दिवस झाल्यावर आला. फौजी युनिफॉर्ममध्ये. फोटोसमोर उभा राहिला आणि सॅल्यूट ठोकला. बायका डोळ्याला पदर लावून म्हणाल्या, "लेक असावा तर असा." लेक कसा ते मला विचारा.

पाच महिने आई अंथरुणावर होती. बेडपॅन, गोळ्या, पाठीला पावडर – मी. एमआयडीसीतल्या डेअरीच्या लॅबमधून बिनपगारी रजा काढली ती मी. हवालदारसाहेब जम्मूकडून फोन करायचे. अग्नी मात्र तात्यांनी दिला. मी मुलगी ना.

७ फेब्रुवारी

तात्या फ्लेक्स छापून आले. दत्तोबातात्या – बाबांचे धाकटे भाऊ. नाईक म्हणून निवृत्त, मिशा जनरलच्या. माजी सैनिक संघटनेचे अध्यक्ष.

फ्लेक्सवर आईच्या मागे रणगाडा. वर 'वीरपत्नी'. मी म्हटलं, तात्या, बाबा साखरेच्या आजारानं घरात गेले. वीरपत्नी कशी?

"आगं, फौजीची बायकू म्हंजी वीरच की."

चौतीस वर्षं इंदापूरच्या सरकारी दवाखान्यात स्टाफ नर्स होती, ते कुठंच नाही. तेही विचारलं.

"जागा न्हाय ऱ्हायली, पोरी."

रणगाड्याला राहिली.

९ फेब्रुवारी

दादाचे फोन. सकाळी आठ, दुपारी दोन, रात्री आठ. पाच महिने, एक दिवस चुकला नाही. आईचं विचारायचा नाहीच. जेवलीस का? झोप झाली का? डोकं दुखतंय का अजून? डोक्याचं मी कुणाला बोलले नव्हते. मारला असेल अंदाज. तिकडे आई संपत चालली होती आणि हा माझी हजेरी घेत होता. मी हो-नाही करून फोन ठेवायचे.

दिवाळीत विचारलं, येतोस कधी? म्हणाला, "आई नको म्हणतेय." बंदूक घेऊन फिरणारा माणूस, लपायला आईचा पदर!

आता घरातच आहे तरी तेच. आठ वाजले की दारात उभा. "जेवलीस का?" मी हो म्हणते. जेवलेली नसते.

१२ फेब्रुवारी

कऱ्हा नदीवर दहावा झाला. दादानं मुंडण केलं. लोक हळहळले. केस काय, येतील परत.

तेराव्याला संघटनेची शोकसभा आहे. दादा बोलणार. त्याच्यानंतर मीही उभी राहणार. आईजवळ कोण होतं आणि कोण नव्हतं, सगळ्यांसमोर सांगणार. मग बहीण-भाऊ हे नातं संपलं तरी चालेल. आता घरचे म्हणून आम्ही दोघंच उरलोय, तरी.

१३ फेब्रुवारी

काय बोलायचं ते लिहायला बसले. भलतंच आठवत राहिलं.

इंदापूरची खोली. बाबा बॉर्डरवर, दादा आठवीत, मी चौथीत. ड्यूटीला निघताना आई दादाला माझा चार्ज द्यायची – दवाखान्यात पाळी बदलताना एक सिस्टर दुसरीला पेशंट सोपवते तसा. "रणजित, ऐक. सोनल, वय नऊ. खोकला. दोन वाजता औषध, जेवल्यावर." दादानं ते सगळं परत म्हणून दाखवल्याशिवाय ती पायात चप्पल घालायची नाही.

पेशंट तिला बरोबर कळायचे. पोटचा मुलगा कळला नाही.

१४ फेब्रुवारी

छबूबाई आल्या इंदापूरहून. आईच्या वॉर्डात आया होत्या, वीस वर्षं. चहा घेतला आणि म्हणाल्या, "सिष्टरची वही कुठं हाय?"

कसली वही?

"चार्जाची. रिटायर झाल्या तरी लिहीत व्हत्या की. उशीखाली बघा."

उशीच्या अभ्र्यात होती. वाटलं, स्वतःचा ताप, बीपी लिहीत असेल. पहिलंच पान –

'पेशंट सोनल, वय ३६. झोप तीन तास. अर्धी भाकरी. डोकं धरून बसते. मोरीत जाऊन रडते. रणजितला सांगितलं.'

रोजचं. दिवसातून तीनदा. पाळी बदलायच्या वेळेला. आठ, दोन, आठ. त्याच्या जरा आधी, मी अंघोळीला, दळणाला, दूध आणायला गेले की दादाला फोन करत असणार. शेवटी शेवटी अक्षर पार वाकडं झालंय, तरी वेळ लिहिलेली.

दिवाळीच्या पानावर – 'रणजित येतो म्हणाला. नको म्हटलं. रजा राखून ठेव, मी गेल्यावर हिला लागेल. फोनवर रडला. तिला सांगू नको म्हटलं.'

शेवटचं पान २ फेब्रुवारीचं.

'माझी ड्यूटी संपली. पेशंट सोनलचा चार्ज रणजितकडे. त्यानं परत म्हणून दाखवलं.'

छबूबाईंना वाचता येत नाही. विचारत होत्या, काय लिवलंय. मी म्हटलं, औषधं.

१५ फेब्रुवारी

सभेत बोलले नाही. दोन वाजता दादा दारात आला. जेवलीस का?

नाही म्हटलं.