पाव सेकंदाने घेतलेली अब्रू

प्रति,
मा. तहसीलदार साहेब,
तहसील कार्यालय, बाळापूर, जि. अकोला.

विषय : श्री. धर्मेंद्र उमक (रा. परतवाडा) यांना १ मे रोजी भर सभेत हेडफोन घालून बोलावयास लावणेबाबत.
संदर्भ : २६ जानेवारीचा कार्यक्रम. (आपण समक्ष हजर होता.)

महोदय,

१. अर्जदार कमलाकांत पाचपोर, वकील, हे बाळापुरातील सार्वजनिक कार्यक्रमांचे एकतीस वर्षे सूत्रसंचालन करीत आले आहेत. गेल्या वर्षी त्यांनी हौशी रेडिओचा परवानाही रीतसर काढला.

२. प्रजासत्ताक दिनी अर्जदाराने हौशी रेडिओच्या उपग्रहावरून परदेशस्थ बांधवांना शुभेच्छा द्यावयाच्या होत्या. सदर उपग्रह छत्तीस हजार किलोमीटरवर ठाण मांडून बसल्याने बोललेला शब्द वर जाऊन पाव सेकंदाने बोलणाऱ्याच्याच कानात परत येतो आणि जीभ अडखळवतो. म्हणून जाणते लोक बोलताना हेडफोनचा आवाज पार कमी करतात. श्री. उमक या छंदातले वीस वर्षांचे जाणते, आणि त्या दिवशी यंत्रे त्यांच्याच हाती होती. त्यांनी तो मुद्दाम वाढवला आणि वर म्हणाले, "वकीलसाहेब, दोनी कान झाकून बोला, आवाज साफ येते." याला केसाने गळा कापणे म्हणतात.

३. परिणामी अर्जदार "माझ्या बां... बांध... बां..." येथेच अडखळले. चार मिनिटे ही विटंबना चालली. सभा पोट धरून हसली. आपण तेवढे मान खाली घालून बसलात, म्हणून हा अर्ज आपणाकडे. तेव्हापासून एकाही मंडळाने अर्जदारास माइक दिलेला नाही, आणि महाराष्ट्र दिनाचे सूत्रसंचालन श्री. उमक यांच्याकडे गेले आहे. अर्जदाराच्या जिवाची नुसती आग होत आहे.

४. अर्जदाराच्या पत्नी सौ. अनुपमा यांचे म्हणणे असे : "तुमी जन्मभर सोताचाच आवाज आयकत आले. तोच आडवा आला तं त्या धर्मेंद्रले काहून दोष देता?" हे म्हणणे अर्जदारास मान्य नाही. केवळ रेकॉर्डवर असावे म्हणून नमूद केले.

५. श्री. उमक यांचा परवाना रद्द करावा, अशी मागणी नाही. परवाना गेल्याने कोणी हसत नाही. माफीही नको. १ मे रोजी त्यांच्या दोन्ही कानांवर हेडफोन चढवून, त्यांचेच शब्द त्यांना पाव सेकंद उशिरा ऐकवीत, अख्खे सूत्रसंचालन करावयास लावावे. आवाजाचे बटण अर्जदाराच्या हाती द्यावे. सभा हसून थांबली की अर्जदार एकटे हसतील, म्हणजे हसले कोण, हे श्री. उमक यांना नीट कळेल.

आपला नम्र, आणि काहीही न विसरलेला,
कमलाकांत पाचपोर
बाळापूर, दि. ३ एप्रिल २०२५

सोबत : कार्यक्रमाची चार मिनिटांची ध्वनिफीत. (कृपया एकट्यानेच ऐकावी.)