टोपलीतली चिठ्ठी

१ नोव्हेंबर
आज मरोळला आले. ख्रिस्ती सिस्टरांच्या वृद्धाश्रमात मला मदतनिसाचं काम आणि माझ्या सगुणामावशीला खिडकीजवळची खाट! आई गेल्यावर वेसाव्याच्या बाजारात मासळी विकून हिनेच मला वाढवलं. आता तिचं अर्धं अंग लुळं पडलंय. तिच्याशिवाय मला कोणी नाही. आल्या आल्या तिने इथल्या डाळीला नावं ठेवली, म्हणजे स्वारी खुशीत आहे. मोठ्या सिस्टर अनुपमा हसल्या आणि तिला सुकट द्यायला कबूल झाल्या.

२ नोव्हेंबर
चॅपलमध्ये वेताची टोपली ठेवलीय. चिठ्ठीवर आपल्या माणसांची नावं लिहून टाकायची, मग महिनाभर रोज सकाळी ती वाचून प्रार्थना होते. मला वाटलं, आजाऱ्यांसाठी असेल. विचारायचं सुचलंच नाही. मोठ्या अक्षरात मावशीचं नाव लिहून टाकलं.

३ नोव्हेंबर
टोपली मेलेल्यांची असते! स्वयंपाकीण रत्नप्रभाने सांगितलं, तोवर सकाळी नाव वाचून झालं होतं. रडत सिस्टर अनुपमांकडे गेले. त्या म्हणाल्या, देवाला कळत नाही का, वेडे. दोघींनी टोपली उपसली. चिठ्ठी मिळाली नाही.

५ नोव्हेंबर
चिठ्ठी सापडत नाही, तरी नाव रोज वाचलं जातंय. आज मावशीचं ताटच आलं नाही. मी रत्नप्रभाशी कडाकडा भांडले. तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला, म्हणाली की दुःखात असं होतं. मावशी समोरच बसली होती. ‘अगं, मेले का मी?’ म्हणून ओरडली. रत्नप्रभाने वळूनही पाहिलं नाही.

७ नोव्हेंबर
सिस्टर अनुपमांचा हात धरून मावशीच्या नाकाखाली नेला. श्वास लागतोय ना, म्हटलं. त्या रडल्या. माझ्यासाठी.

८ नोव्हेंबर
आमच्या घराशेजारच्या भिकाजीकाकांना फोन केला, आम्हाला घरी न्या म्हणून. ते म्हणाले, पोरी, आपणच नाही का तिला स्मशानात पोचवलं?
मी गेले नव्हते. गेले होते का मी?

९ नोव्हेंबर
खाटेवर नवी बाई आली. मावशीला ओढत माझ्या खोलीत आणलं. कडी लावली. भात भरवते. खाते ती! चव लागत नाही म्हणते.

१० नोव्हेंबर, दुपार
दाराबाहेर सगळ्या उभ्या आहेत. हळू बोलतात. नमिता, उघड म्हणतात. मावशी दमलीय. म्हणते, इतकी माणसं खोटं कशाला बोलतील. म्हणते, डोळे मीट माझे —
नाही मिटणार. हात गरम आहे. मी धरलाय, गरम — मघाशी तरी —
डोळे मी नाही मिटले. देवाशपथ. ते आपले आपणच —