सुनेचा कान

शुक्रवार, संध्याकाळ

आज सून मला तिच्या कारखान्यात घेऊन गेली. वर्षातून एकदा घरच्यांना आत सोडतात. मी एमआयडीसीत तीस वर्षं लेथवर काढली, मला काय दाखवणार, असं पुटपुटतच गेलो. पण गेटवरच थबकलो. पाळी सुटली होती आणि बायकाच बायका बाहेर पडत होत्या. पार कर्जत, पारनेरकडच्या. अंगात निळे शर्ट, केस टोपीत. आमच्या वेळी अख्ख्या वर्कशॉपमध्ये बाई म्हणजे झाडणाऱ्या मावशी, एकट्याच.

सुनेचं मशीन काचेआड चालतं. माझ्याशी बोलता बोलता तिने एकदम बटण दाबून ते थांबवलं. आतलं लोखंड कापणारं टूल काढून दाखवलं. कोपरा झिजला होता, जेमतेम दिसेल इतका. मला आवाजात काहीच फरक ऐकू आला नव्हता. मला!

"कसं कळलं गं?"

"मिक्सरमधी चटणी बारीक होत आली की आवाज बदलतो ना मामा, तसंच हाय."

मी तीस वर्षांत किती टूलं मोडली. मोडल्यावरच कळायचं. आणि ही कामाला जाते म्हणाली, तेव्हा मीच विचारलं होतं, स्वयंपाकाशिवाय तुला येतं काय?

आता आत बायको शेंगदाण्याची चटणी वाटतेय. मी पेन धरून मिक्सरकडे कान लावून बसलोय. आवाज बदलला का? नाही, अजून तसाच आहे...

तिने बंदसुद्धा केला.