आवाज तयार होतोय

उत्तन, २६ डिसेंबर १९३३
काल नाताळच्या मिस्साला माझा आवाज फुटला. वरचा सूर लावला आणि तिथून बदक निघालं. सगळं चर्च मागे वळून बघत होतं. गेली चार वर्षं इथून गोराईपर्यंत सोलो म्हटला की इनासच, म्हणजे मीच. कॉयरचे मास्तर म्हणाले, तेराव्या वर्षी असं होतं, आराम दे. दिला. ईस्टरपर्यंत ठीक होईल.

४ जून १९३५
ईस्टर दोन झाले. आवाज तयार होतोय. मोठ्या आवाजांना वेळ लागतो. खालचे सूर येतात, वरचा एखादा येतो, मधले यायचे आहेत. आजपासून आंबट बंद, तिखट बंद.
धाकटी बहीण कार्मिन बोंबील वाळत घालताना माझे सोलो म्हणते. चुकली की सांगायचं ठरवलंय. अजून चुकलेली नाही.

६ नोव्हेंबर १९३८
मासळीच्या मचव्यातून मुंबईला. रेडिओवाल्यांकडे आवाजाची परीक्षा. कार्मिनला सोबत नेलं, पेटी वाजवायला. मी दोन ओळी म्हटल्या, साहेबांनी हात वर केला. दोन ओळींतच कळलं त्यांना. मग कार्मिनला विचारलं, तू गातेस का. तिनं तेच गाणं म्हटलं. तिचं मात्र शेवटपर्यंत ऐकत बसले. नवशिक्यांचं ऐकून घ्यावंच लागतं.

२१ नोव्हेंबर
पत्र आलं. निवड झाली. नावाच्या जागी कार्मिन लिहिलंय. क्लार्कची चूक. मी लगेच दुरुस्तीचं कार्ड टाकलं.

३ डिसेंबर
उत्तर आलं. चूक नाही.

१४ जानेवारी १९३९
मुर्ध्याला एका मिठागरवाल्याकडे बॅटरीचा रेडिओ आहे. अर्धं उत्तन त्याच्या ओटीवर. कार्मिन गायली. आय रडली. माझ्याही डोळ्यांना पाणी आलं, पण मला सर्दी आहे.
एका दृष्टीनं बरंच झालं. आधी ती रस्ता करेल, मग मी. तोवर चर्चच्या शाळेत मास्तरकी घेतली आहे. टेम्पररी.

९ फेब्रुवारी १९४२
काल माझं लग्न झालं. मुलगी शेजारच्या डोंगरी गावची, विल्मा. मांडवात मी स्वतः गायलो. इतकी शांतता की कोणी ताटातला घास पण उचलेना. अशी दाद कार्मिनला सुद्धा मिळत नसेल. विल्मा खाली बघत होती. नवरी मुलगी, लाजणारच.

१७ मे १९४४
कार्मिन आता वांद्र्याला राहते. बँडबरोबर गाते, तिची रेकॉर्ड निघाली. तिचं पत्र आलं, तू इकडे ये, माझी गाणी लिहून दे, तुझे शब्द चांगले असतात. मी नकार कळवला. मुंबईची हवा घशाला वाईट. शिवाय लिहिण्यात अडकलो तर गाणं राहून जाईल.

१८ मे
पहाटे एकटाच खडकांवर गेलो. कोणी नव्हतं. वरचा सूर लावला. लागला नाही. परत लावला. परत. वारा फार होता.

१९ मे
वारा नव्हता.

२ जून
खडकांवर जायचं बंद केलं. शाळा उघडते आहे, वेळ मिळत नाही.

११ फेब्रुवारी १९४७
चर्चच्या मैदानात सणाचा कार्यक्रम. कार्मिन आली होती, मोटारीतून. कमिटीला मी आधीच सांगून ठेवलं होतं की दोघं मिळून गाऊ. ते एकमेकांकडे बघत राहिले. कार्मिन म्हणाली, येऊ दे त्याला.
उभा राहिलो. तिनं माझा दंड धरला आणि गायला लागली. मी जिथे जिथे तोंड उघडलं तिथे तिचा आवाज मोठा झाला. टाळ्या थांबेनात. चौदा वर्षांनी टाळ्या. रात्री नीट झोप लागली.

१२ फेब्रुवारी
सकाळी कार्मिन निघताना विचारलं, अजून किती दिवस लागतील माझ्या आवाजाला. ती मोटारीत बसत होती, ती उतरली. मग म्हणाली,
“तुजा आवाज न्हाय येणार, इनास. मास्तरनी तवाच आयला सांगलेलं. आय बोलली, पोराला कोणी सांगू नका.”
विचारलं, कोणाकोणाला माहीत आहे.
“सगल्यांना,” ती म्हणाली, आणि माझ्या सदऱ्याचं वरचं बटण लावून दिलं. लहानपणी मी तिचं लावायचो तसं.
मोटार गेली. मी रस्त्यावर उभा राहिलो. कोण कोण ते आठवत होतो. मचवेवाले. फादर. माझ्या वर्गातली मुलं. मांडवातले सगळे.

१२ फेब्रुवारी, दुपार
विल्मा तांदूळ निवडत होती. विचारलं, तुला कधी कळलं. ती निवडतच राहिली. म्हणाली, स्थळ आलं तेव्हाच. तुला सांगायचं नाही, तुझ्या आयनं एवढी एकच अट घातली होती.