दूध पाजणारे, 'व' अक्षरावरून

ताई,

तुम्हाला ताई म्हणायचं हे मी आजच ठरवलं. इतकी वर्षं मनातल्या मनात मी तुम्हाला नुसतं 'ती' म्हणत आले. आपण एकमेकींना कधी पाहिलं नाही. तुम्ही तापानं गेलात, त्यानंतर वर्ष उलटून गेल्यावर मी यांच्याशी लग्न करून वणीला, कोळसाखाणीच्या या क्वार्टरात आले. तुमची लेक तेव्हा पहिलीत होती. मी आधीच्या घरून माहेरी परत आलेली बाई. मूल होत नाही म्हणून त्यांनी मला दारव्ह्याला आणून सोडलं होतं. इथे मूल तयार होतं. बघायला आलेल्या माणसांनी हे असंच बोलून दाखवलं, आणि मला त्यात काही वाईट वाटलं नाही.

तुम्ही डावखुऱ्या होतात हे मला कोणी सांगितलं नाही. स्वयंपाकघरानं सांगितलं. सांडशी, कलथा, मिठाची बरणी, पाण्याचे पेले, सगळं गॅसच्या डाव्या हाताला. पहिल्याच आठवड्यात मी सगळ्यांच्या जागा बदलल्या. संध्याकाळी हे खाणीवरून आले, हातपाय धुतले, आणि पेला घ्यायला यांचा हात जुन्या जागी गेला. तिथे नुसती भिंत होती. हात तसाच भिंतीवर ठेवून हे थोडा वेळ उभे राहिले. बोलले असते, चिडले असते, तर मला बरं वाटलं असतं.

आणि तो तुमचा खेळ. तुम्ही मारेगावच्या शाळेत शिकवत होतात, लेकीला रोज सोबत नेत होतात, आणि जीप माणसांनी भरेपर्यंत, मग पुढे कोळशाच्या ट्रकांमागून रखडत जाताना, तुमचं दोघींचं चाललेलं असायचं: एक अक्षर घ्यायचं आणि त्या अक्षरावरून दूध पाजणारे प्राणी सांगायचे. पाखरं नाहीत, मासे नाहीत, किडेमुंग्या नाहीत. हे मला नंतर हळूहळू कळलं. एके दिवशी मी भाकरी थापत होते आणि तुमची लेक ओट्याच्या कोपऱ्यावर चढून बसली होती. अजून दिसते मला, एका पायात चप्पल, एक पाय अनवाणी.

"मावशी, 'व'. सांग."

"वाघ," मी म्हटलं.

"वाघ तं सगळ्यायलेच येते. दुसरा."

"विंचू."

"विंचू दूध पाजते का? पाजनाराच पाह्यजे."

"मग वासरू."

"ते तं गायीचं लेकरू हाये. लेकरं चालत नाई. आई म्हने, जो पिते तो नाई, जो पाजते तो." मग तिनंच बोटं मोडत सांगितलं, वानेर, वटवाघूळ. मी म्हटलं, अगं, वटवाघूळ तर पाखरू. ती हसली. मला नाही, माझ्या अडाणीपणाला हसली, आणि त्या हसण्यात तुम्ही होतात, शाळेतल्या बाई. "उडते, पन पाजते. आईनं सांगतलं." मग माझ्याकडे बघत बघत विचारलं, "तू पाजलं का कोनाले?"

"नाही."

"मंग तू सस्तन नाई का?"

ताई, सहा वर्षांचं लेकरू. तिच्या मनात काहीच नव्हतं, हिशेब तेवढा चुकत होता म्हणून विचारलं. तव्यावर भाकरी करपत होती. हे दारात बूट काढत होते, तसेच आत आले आणि यांनी तिच्यावर हात उगारला. मी मध्ये उभी राहिले. "कायले मारता तिले? खेळून राह्यली ती." हात खाली आला. पण ती रडत माझ्याकडे नाही आली. मी वाचवलं होतं, मी. ती बैठकीत गेली आणि तुमच्या फोटोखाली भिंतीला टेकून रडत बसली.

त्यानंतर मी 'व'च्या मागेच लागले. यांना विचारलं तर यांना वाघाच्या पुढे काही येईना. शेजारीण म्हणाली वळू. मला तोवर नियम कळला होता, वळू पाजत नाही म्हणून मीच त्याला खोडलं. मग तुरी काढायच्या दिवसांत मी माहेरी गेले होते आणि बाबा जेवताना सहज म्हणाले, "आज वाघाटी दिसली तुरीत. दोन पिल्लं होती संगं." मी घास ठेवला. "वाघाटी म्हंजे?" "लहानी रानमांजर वं. हाताएवढी, अंगावर ठिपके. काहून?" ते बघतच राहिले, कारण मी हसत होते. दारव्ह्याहून यवतमाळ, यवतमाळहून वणी, त्या सगळ्या वाटेनं मी तो शब्द बोरं बांधून आणावीत तसा आणला. पिशवी खाली ठेवायच्या आधी दारातूनच म्हटलं, "वाघाटी. आणि पिल्लं पाजते."

तिचे डोळे असे मोठे झाले! तेवढा एक क्षण माझा होता. मग ती म्हणाली, "हो वं, वाघाटी! आई बी सांगे. मीच भुलली होती." आणि पळाली बैठकीत. मला ऐकू येत होतं, फोटोसमोर उभी राहून सांगत होती, "आई, आपली वाघाटी सापडली!"

त्या दिवशी मला तुमचा जेवढा राग आला तेवढा मला सोडून देणाऱ्या माणसाचाही आला नव्हता. तुमच्याशी भांडायची सोयच नव्हती. तुमची भाजी कधी खारट झाली नाही. तुम्ही पाढ्यांवरून कधी ओरडला नाहीत, वेणी घालताना केस ओढले नाहीत, कडू औषध नाक दाबून पाजलं नाही. ते सगळं माझ्या वाट्याला. तुम्ही काचेमागे, जांभळ्या साडीत, चांगल्या दिवशीच्या. मी रोज तुमच्यावरची कोळशाची धूळ पुसली. पुसताना कधी कधी वाटायचं, एक दिवस राहू द्यावी. पण पुसली.

ती मोठी झाली. ज्या दिवशी तिला पहिल्यांदा पाळी आली, ती शाळेतून मधल्या सुट्टीतच घरी आली आणि थेट स्वयंपाकघरात माझ्याकडे. मी तिला न्हाऊ घातलं, सगळं समजावलं, गूळ-तूप दिलं. मनात आलं, हे तुम्हाला मिळालं नाही. ही दुपार माझी आहे, हिच्यात फोटो नाही. ती गुळाचा खडा चघळत बसली होती. मग म्हणाली, "मावशी, आई असती तं तिनं काय सांगतलं असतं?" मी म्हटलं, "हेच." "नक्की?" "शाळेतल्या बाई होत्या त्या. अजून नीट सांगितलं असतं." म्हणायचं नव्हतं, पण म्हटलं.

आता ती पुण्याला नोकरीला असते, आणि बाळंतपणाला इथे आली आहे. तिच्या सासूबाई तिकडे ये म्हणत होत्या. ती म्हणाली, नाही, मावशीकडे. मी ते वाक्य किती दिवस पुरवून पुरवून खाल्लं! दवाखान्यात मात्र कळा वाढल्या तशी ती ओरडायला लागली, "आई गं! आई!" सगळ्याच बायका हेच ओरडतात, मला ठाऊक आहे. नर्सनं दार उघडून मला म्हटलं, "आई, या आत, तुम्हालाच बोलावून राह्यली ते." मी आत गेले. तिनं माझा हात इतका आवळला की बांगडी फुटली. पण मी कान देऊन ऐकत होते, ताई. तिचे डोळे मिटलेले होते आणि ती कोणाला हाक मारते आहे ते मला कळत नव्हतं. अजून कळलेलं नाही. विचारण्याची छाती नाही.

मुलगा झाला. पहिले दोन दिवस त्याला नीट ओढता येईना, ही रडकुंडीला आली, तो कोकलतोय, खोलीभर आम्ही तिघंही घामाघूम. शेवटी मी त्याची मान धरली, तोंड वर वळवलं, ओठाला थेंब लावला आणि नेमकं लावून दिलं. लागला ओढायला. ती बघतच राहिली. "तुले कसं माहीत हे?"

"बाबाकडे वासरं लावली मी गायीले."

"म्हंजे मले गाय समजली का तू?" आणि रडता रडता अशी हसली की त्याच्या तोंडून सुटलं आणि पुन्हा लावावं लागलं.

मी रोज हळिवाची खीर करते, तिची पाठ शेकते, त्याला तेल लावते. ती पाजायला बसली की मी तिथून उठून काहीतरी काम काढते. तुम्हाला खरं सांगू? मला वाटायचं, माझा हेवा तुमच्यापुरता आहे. फोटोवर राग धरायला फार काही लागत नाही. पण परवा तिच्या मांडीवर तो डोळे मिटून घुटघुट पीत होता आणि ती त्याच्या कानाशी पुटपुटत होती, वाघ, वानेर, वटवाघूळ, आणि मी दारात वाटी घेऊन उभी होते. माझ्या छातीत जे दुखलं ते तुमच्यामुळे नव्हतं. ज्या लेकीला मी वाढवलं तिचाच मला हेवा वाटत होता.

हे तिला सांगता येणार नाही, यांना तर नाहीच. तुम्हालाही हे पोचणार नाही, आणि पोचणार असतं तर मी लिहिलं नसतं.

काल दुपारी ती जेवून झोपली होती, गाढ. बाळ माझ्या मांडीवर होतं. तेवढ्यात खाणीत सुरुंग उडाला, खिडकीच्या काचा थरथरल्या, ते दचकून जागं झालं. रडलं नाही. मान वळवून, तोंड उघडून माझ्या पदरात शोधायला लागलं. नाक घासलं, ओठ घासले, माझा ब्लाऊज ओला झाला. त्याची आई हाताच्या अंतरावर होती. एक हाक पुरली असती. मी हाक मारली नाही. त्यानं रडायला तोंड वाकडं करेपर्यंत मी तशीच बसून राहिले, हलले नाही. तेवढा वेळ त्याला वाटत होतं, माझ्याजवळ दूध आहे.